लेखनाचे वळण : फ्लॅनरी ओ'कॉनर ह्यांची पत्रे पुन्हा वाचताना

तीन वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारी आमच्या धर्मग्रामातील १९ जणांनी एक संकल्प केला. ईस्टरपर्यंत रोज निदान दहा ओळी लिहावयाच्या आणि रात्री झोपण्यापूर्वी मोबाईलवरील आपल्या गटात त्या सर्वांसमोर ठेवावयाच्या. संकल्पाला आशीर्वाद आम्हीच दिला होता. त्यामुळे गटात आमचेही नाव होते. पहिल्या आठवड्यात उत्साह उतू जात होता. कोणी विहिरीवरच्या रहाटाविषयी लिहिले, कोणी वाडीतल्या पानवेलींविषयी, तर कोणी आखातातून आलेल्या पहिल्या पत्राविषयी. प्रत्येक मजकुराखाली जोडलेले हात, फुले, 'सुंदर', 'अप्रतिम' ह्यांची रांग लागे. चाळीस दिवसांत कोणीही कोणाची एक ओळदेखील दुरुस्त केली नाही. ईस्टरला चौघे उरले.

त्या चौघांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. यजमानांच्या शेवटच्या आजारपणाविषयी त्यांनी सलग अकरा दिवस लिहिले. आम्ही रोज न चुकता जोडलेले हात पाठवीत होतो. ईस्टरच्या सोमवारी मिस्सा आटोपल्यावर बाई साक्रिस्तीच्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, तुम्ही वाचलंत का?" आम्ही 'हो' म्हणालो. ते पूर्ण खरे नव्हते. अकरांपैकी पाच-सहा दिवसांचेच आम्ही वाचले होते, तेही उभ्या उभ्या. बाईंनी पुढे काही विचारले नाही. त्यानंतर त्यांनी काही लिहिल्याचेही आमच्या कानी आले नाही.

तो प्रश्न मनाला टोचत राहिला. त्याच सुमारास आम्ही कपाटातून 'द हॅबिट ऑफ बीइंग' हा फ्लॅनरी ओ'कॉनर ह्यांचा पत्रसंग्रह खाली काढला. सेमिनरीत असताना तो चाळला होता, पण त्यातील मोरांसाठी आणि विनोदासाठी. ह्या खेपेस पेन्सिल घेऊन वाचला. रोज लिहिण्याचे व्रत आणि ते निभावण्यासाठी लागणारी सोबत ह्या दोहोंविषयी त्यात जे आहे, ते आमच्या वाचनात अन्यत्र आलेले नाही. मात्र त्यात जे आहे ते सगळेच उजळ नाही, आणि तेही सांगितले पाहिजे.

ओ'कॉनर ह्यांचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी, म्हणजे देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे झाला. आयोवा विद्यापीठाच्या लेखनवर्गात त्या गेल्या तेव्हा त्यांचे उच्चार इतके दक्षिणी होते, की तेथील प्राध्यापकांना ते कळेनात. शेवटी काय म्हणायचे ते कागदावर लिहून दाखवावे लागले. पंधराव्या वर्षी ज्या ल्यूपस नावाच्या व्याधीने त्यांचे वडील नेले, तीच व्याधी १९५० च्या अखेरीस, वयाच्या पंचविशीत, त्यांच्या वाट्याला आली. उत्तरेकडील साहित्यिक वर्तुळ सोडून त्यांना मिलेजव्हिल गावाबाहेरच्या 'अँडालुसिया' ह्या दुग्धशाळेच्या शेतावर आईपाशी परतावे लागले. मग १३ वर्षे औषधाची इंजेक्शने, कुबड्या, आई आणि मोर. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, ३९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे दोन कादंबऱ्या, ३१ कथा, काही निबंध आणि पत्रांचा ढीग राहिला.

ह्या १३ वर्षांचा दिनक्रम पत्रांतून स्पष्ट दिसतो. बहुधा सकाळी गावातील चर्चमध्ये मिस्सा, नंतर टंकलेखनयंत्रासमोर दोन-तीन तास, मग जेवण, आणि दुपारी विश्रांती, पाहुणे, पक्षी व पत्रे. रात्री निजण्यापूर्वी वीस मिनिटे संत थॉमस अक्वायनस. १९५७ साली सिसल डॉकिन्स ह्या तरुण लेखिकेला लिहिताना त्यांनी आपले गणित मांडले आहे. दोनच तासांची ताकद अंगात असते; पण त्या दोन तासांच्या आड त्या काहीही येऊ देत नाहीत, वेळ तीच आणि जागाही तीच. कधी महिनोन्‌महिने लिहिलेले सगळे फेकून द्यावे लागते, तरी तो काळ वाया गेला असे त्या मानीत नाहीत. कारण ज्या दिवशी लेखन साधायचे, त्या दिवशी माणूस जागेवर बसलेला तर हवा!

एवढेच असते तर ही पत्रे शिस्तीचा धडा म्हणून शाळेत वाचायला दिली असती आणि विषय संपला असता. ग्रंथाचे नाव मात्र निराळी वाट दाखवते. ते नाव संपादिका सॅली फिट्झजेराल्ड ह्यांनी १९७९ साली दिले, आणि त्यातील 'हॅबिट' म्हणजे आपण ज्याला सवय म्हणतो ते नव्हे. (सेमिनरीतल्या पोरांना त्या इंग्रजी शब्दाने मठवासीयांचा झगाच आठवतो, हे जाता जाता.) झाक मारिताँ ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या 'आर्ट अँड स्कॉलॅस्टिसिझम' ह्या ग्रंथातून ओ'कॉनर ह्यांनी 'कलेचा हॅबिटुस' ही कल्पना घेतली, आपली कलादृष्टी ह्याच पुस्तकावर घडली असे त्या पत्रात सांगतात. मारिताँने ती संत थॉमसकडून घेतली आणि संत थॉमसने ॲरिस्टॉटलकडून. सवय आपल्याकडून काही न मागता लागते: चहाची, तंबाखूची, आणि हल्ली मोबाईलची. हॅबिटुस ही बुद्धीत किंवा इच्छेत रुजलेली, सहजी न हलणारी गुणवत्ता आहे. ती वारंवार केलेल्या कृतीने येते, आणि एकदा आली की अवघड कृती सहज, तत्परतेने आणि आनंदाने होऊ लागते.

मराठीत ह्यासाठी नेमका शब्द शोधताना आम्हांला 'वळण' हा शब्द सुचतो. आपण मुलाला वळण लावतो आणि अक्षरालाही वळण लावतो. दोन्ही ठिकाणी कोणीतरी हात धरलेला असतो. 'अभ्यास' हा शब्दही चालला असता, कारण त्याचा जुना अर्थ पुन्हा पुन्हा करणे हाच आहे. पण शाळेने त्याचा पार गृहपाठ करून टाकला आहे.

सवय आणि वळण ह्यांतला हा भेद आजच्या लेखनसंकल्पांना लावून पाहण्यासारखा आहे. १९९९ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या परिसरातील २१ जणांनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा खेळ सुरू केला. पुढे त्याची संस्था झाली, जगभरचे लोक दर नोव्हेंबरात त्यात उतरू लागले, आणि २०२५ साली ती संस्था बंद झाली. त्या खेळातून काही चांगली पुस्तके निघाली हे आम्ही नाकारीत नाही. एकट्याने न होणारी गोष्ट दहाजणांच्या सोबतीने होते हेही खरे. रोझरी घरात दहाजण मिळून म्हणतात ते काही उगाच नाही. पण तेथे मोजमाप शब्दांचे होते. मारिताँ सांगतो की कला ही करणाऱ्याच्या कल्याणाकडे पाहत नाही, केलेल्या वस्तूच्या कल्याणाकडे पाहते. आमच्या गटाचा मापदंड तर शब्दही नव्हता. लिहिणाऱ्याला बरे वाटले पाहिजे एवढाच होता.

ओ'कॉनर ह्यांची सोबत कशी होती? ती टपालाने चालत असे. १९५१ साली 'वाइज ब्लड' ह्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित कॅरोलाइन गॉर्डन ह्या ज्येष्ठ कादंबरीकार बाईंकडे गेले. ह्या बाई १९४७ साली कॅथलिक झालेल्या, स्वभावाने मास्तरीण, आणि कथेच्या बांधणीविषयी अत्यंत हट्टी. त्यांनी लांबलचक पत्र लिहिले. कौतुक केले, पण मग एकेक प्रसंग घेऊन बोट ठेवले: येथे वाचकाला स्थळ दिसत नाही, येथे निवेदकाची भाषा पात्रांच्या बोलीत घसरली आहे, येथे घाई झाली आहे. एखादी वस्तू वाचकासमोर खरी करावयाची तर इंद्रियांना जाणवणारे निदान तीन स्पर्श द्यावे लागतात, हा फ्लोबेरचा धडा ओ'कॉनर ह्यांना गॉर्डनबाईंकडूनच मिळाला. पुढे १३ वर्षे कथा लिहिली की ती गॉर्डनबाईंकडे जायची. दोघींचा पत्रव्यवहार २०१८ साली स्वतंत्र ग्रंथरूपाने आला आहे. तो वाचताना वारंवार वाटते, की एवढ्या बारकाईने आपले वाचणारा एक माणूस ज्याला लाभला त्याला टाळ्यांची गरज उरत नाही.

दुसरी सोबत बेटी हेस्टर ह्यांची. अटलांटातील एका कचेरीत कारकुनी करणाऱ्या ह्या बाईंनी १९५५ साली ओ'कॉनर ह्यांना पहिले पत्र लिहिले, आणि पुढे नऊ वर्षे तो संवाद चालला. पत्रसंग्रहात त्या केवळ 'ए' ह्या अक्षराने येतात. नाव १९९८ साली त्यांच्या निधनानंतरच जाहीर झाले. ह्या पत्रांत श्रद्धा, कृपा, पुस्तके, मोर असे सगळे आहे. हेस्टर १९५६ साली कॅथलिक झाल्या आणि १९६१ साली त्यांनी ख्रिस्तसभा सोडली. ओ'कॉनर ह्यांना त्याचे दुःख झाले. तरी पत्रे थांबली नाहीत, आणि उपदेशाचा भडिमारही झाला नाही. हेस्टरही लिहीत असत. त्यांच्या कथा ओ'कॉनर वाचत, सूचना देत. कथालेखिका म्हणून हेस्टर ह्यांचे नाव कधी झाले नाही. दोघींचा अभ्यास एकाच वेळी चालला आणि फळ एकीलाच आले. लेखनसंकल्पाच्या पुस्तिकांतून ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांना आवडेल अशी एक बाब येथेच नमूद करतो. जगभर नाव झालेल्या ह्या लेखिकेने १९५६ पासून अखेरपर्यंत जॉर्जियातील धर्मप्रांतीय नियतकालिकांसाठी शंभराहून अधिक पुस्तकांची परीक्षणे लिहिली. छोटी, नेमकी, बऱ्याचदा फटकळ. भाविकतेच्या नावाखाली खपणाऱ्या गुळमट कथांविषयी त्यांच्या मनात जराही दया नव्हती. परीक्षक धर्मप्रांताचा असला म्हणून परीक्षण सौम्य असावे, असे त्यांना वाटत नव्हते.

आता त्या न उजळलेल्या बाजूकडे येऊ. १९५९ साली मॅरियट ली ह्या न्यूयॉर्कला राहणाऱ्या नाटककार मैत्रिणीने सुचवले, की कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन ह्यांची भेट घ्यावी. ओ'कॉनर ह्यांनी नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये भेटायला त्या तयार होत्या, पण जॉर्जियात नाही; ज्या समाजावर आपण पोसलो त्याच्या रीती पाळाव्यात, असे त्यांचे म्हणणे. हे निदान संकोच म्हणून समजून घेता येईल. परंतु लीबाईंना लिहिलेल्या पत्रांत, विशेषतः १९६४ च्या, कृष्णवर्णीयांविषयी जे उद्गार आहेत ते वाचताना मान खाली जाते. १९७९ च्या संग्रहातून असा काही मजकूर गाळला गेला होता; पुढच्या अभ्यासकांनी तो उजेडात आणला. २०२० साली मेरीलँडमधील एका येशूसंघीय विद्यापीठाने आपल्या वसतिगृहाला दिलेले त्यांचे नाव काढून सिस्टर थिया बोमन ह्या कृष्णवर्णीय धर्मभगिनीचे नाव दिले. त्या काळी सगळेच तसे बोलत, ही सबब आम्हांला पटत नाही. लीबाई त्याच काळच्या होत्या, दक्षिणेतल्याच होत्या, आणि त्या तसे बोलत नव्हत्या.

येथे समीक्षकाला एक कोडे पडते, आणि आमच्या मते ह्या पत्रसंग्रहाचे खरे मोल त्या कोड्यात आहे. १९६४ साली, म्हणजे ती पत्रे लिहिली जात असतानाच, 'रेव्हलेशन' ही कथा प्रसिद्ध झाली. डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या मिसेस टर्पिन ह्या जाडजूड, नीटनेटक्या, चर्चला जाणाऱ्या गोऱ्या बाई मनातल्या मनात माणसांच्या पायऱ्या लावत असतात: कोण आपल्या खाली, कोण वर. देवाने आपल्याला कृष्णवर्णीय केले नाही ह्याबद्दल त्या त्याचे आभार मानतात. आणि समोर बसलेली मेरी ग्रेस नावाची कुरूप मुलगी हातातले जाड पुस्तक त्यांच्या तोंडावर भिरकावते. कथेच्या अखेरीस डुकरांच्या खुराड्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना संध्याकाळच्या आकाशात स्वर्गाकडे चाललेली मिरवणूक दिसते. पुढे कृष्णवर्णीय, कंगाल, वेडेबागडे. आणि सर्वांत मागे त्यांच्यासारखे सभ्य लोक, ज्यांचे सद्गुणसुद्धा जळून चाललेले आहेत.

मिसेस टर्पिनचे मन इतके आतून लिहिणाऱ्या लेखिकेला ते मन कोठून मिळाले, हे पत्रे वाचल्यावर विचारावे लागत नाही. दुपारी पत्र लिहिणारी फ्लॅनरी मिसेस टर्पिनच्या बाकावर बसलेली आहे. सकाळी कथा लिहिणारी फ्लॅनरी तिच्यावर पुस्तक फेकते आहे. दोघी एकाच खोलीत राहतात. दुपारी मैत्रिणीला हसवायचे होते, तेव्हा जिभेवर आले ते गेले. सकाळी मात्र समोर वस्तू होती, आणि ती खरी होईपर्यंत दहा वेळा पुसून लिहायची हे वळण हाताला लागलेले होते. त्या वळणाने हाताला तेथवर नेले, जेथे जीभ अजून पोचली नव्हती. ह्याने पत्रांतला दोष धुऊन निघतो असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्याविषयी ते उद्गार होते त्यांना कथेचा दिलासा देणे हा निर्लज्जपणा होईल. आम्ही एवढेच म्हणतो, की रोजच्या लेखनाने माणूस आपोआप चांगला होतो ही समजूत ह्या ग्रंथापुढे टिकत नाही. तसेच लेखन हे लिहिणाऱ्याच्या पातळीच्या वर जाऊच शकत नाही, ही उलट समजूतही टिकत नाही.

सोबतीची मर्यादाही येथे दिसते. निवेदकाची भाषा घसरली की गॉर्डनबाईंचे बोट तत्काळ तेथे पडे, आणि ते ऐकले जाई. लीबाई माणुसकी घसरल्याचे दाखवीत, तेव्हा ओ'कॉनर ते थट्टेवारी नेत. दोघींमध्ये टोपणनावांचा खेळ होता, त्यात बाई दक्षिणेच्या कर्मठ म्हातारीची भूमिका वठवीत. मुखवटा इतकी वर्षे चढवल्यावर चेहरा कोणता, हे सांगणे कठीण होत जाते. ऐकून घेण्याचेही वळण लागावे लागते. एका विषयात ते लागले म्हणून दुसऱ्या विषयात लागतेच असे नाही.

तरीही सकाळच्या त्या तासांनी काय केले, हे पाहायचे तर पहिली आणि अखेरच्या दिवसांतली कथा शेजारी शेजारी ठेवावी. १९४६ ची 'द जेरेनियम' ही त्यांची पहिली प्रसिद्ध कथा. दक्षिणेतला एक म्हातारा न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या घरी अडकला आहे आणि समोरच्या खिडकीतल्या फुलझाडाच्या कुंडीकडे पाहत झुरतो आहे. वाचकाला त्याची कीव येते, आणि लेखिकेलाही तेवढेच हवे होते. हीच कथा त्यांनी पुन्हा पुन्हा हाती घेतली आणि १९६४ साली मृत्युशय्येवर 'जजमेंट डे' ह्या नावाने नवी करून लिहिली. कुंडी गेली, कीव गेली. आता म्हाताऱ्याच्या खिशात चिठ्ठी आहे: मेलो तर देह गावी पाठवा, आणि तो उतरवून घेणारा आहे त्याचा आयुष्यभराचा कृष्णवर्णीय सोबती कोलमन. कोण मालक आणि कोण चाकर, हा हिशेब दोघांमध्ये केव्हाच धूसर झालेला आहे. 'घरी जाणे' ह्या साध्या शब्दांना आता जो अर्थ येतो, तो २१ व्या वर्षीच्या लेखिकेला दिसलेला नव्हता. मधली १८ वर्षे ती दिवसाला दोन-तीन तास बसलेली होती.

त्या अखेरच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी काम करण्यास मनाई केली होती. इस्पितळात कथेचे कागद उशीखाली लपवलेले असत. 'पार्कर्स बॅक' ही कथा कशीबशी पुरी करून त्यांनी ती गॉर्डनबाईंना आणि हेस्टर ह्यांना पाठवली. मरणाच्या दारात असलेल्या विद्यार्थिनीलाही गॉर्डनबाईंनी सूट दिली नाही. कथेच्या बांधणीविषयी भरपूर सल्ला धाडला. जुलै १९६४ च्या अखेरीस ओ'कॉनर हेस्टर ह्यांना कळवतात की त्यातला बहुतेक सल्ला आपण बाजूला ठेवणार आहोत. १३ वर्षे ऐकल्यानंतर ते न ऐकणे आहे, आणि गॉर्डनबाईंना त्याचा राग आला असता असे वाटत नाही.

पुस्तक मिटल्यावर आम्ही त्या निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेलो. साक्रिस्तीच्या दारात जे बोललो ते खरे नव्हते, हे प्रथम सांगितले आणि अकराही दिवसांचा मजकूर मागून घेतला. बाईंनी तो मोबाईलवरून वहीत उतरवून ठेवला होता, शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात. तीन संध्याकाळी बसून वाचला. दुसऱ्या दिवसाच्या मजकुरात यजमानांचा चष्मा आहे, पण खोली दिसत नाही. सातव्या दिवशी बाईंनी स्वतःचे रडणे दोनदा सांगितले आहे. आणि चौथ्या दिवसाच्या अखेरीस प्रार्थनेच्या ज्या चार ओळी आहेत, त्या कदाचित आम्हां धर्मगुरूंना बरे वाटावे म्हणून आल्या असाव्यात, असे आम्हांला वाटले. हे सगळे कागदावर लिहून वही परत केली.

आठवड्याने बाई आल्या. खोलीविषयीचे त्यांना पटले होते. खाटेखालची बादली, भिंतीवरचे कॅलेंडर, औषधाचा वास असे त्यांनी तेथे नव्याने लिहून आणले होते. सातव्या दिवसाचेही पटले. "पण फादर, त्या प्रार्थनेच्या ओळी मी काढणार नाही," त्या म्हणाल्या. "त्या तुमच्यासाठी नव्हत्या. ते झोपेत तसंच पुटपुटत होते."